मासी ४

एका शब्दापायी मी एका बाईची एकोणीस वर्षांची नोकरी घालवली. तो शब्द मला चांगला येत होता, हाच घोळ झाला. येत नसता तर कुणाला तरी विचारला असता.

मी मोहना. पोटातले जंतू हा माझा विषय. माणसाच्या आतड्यात कोण कोण राहतं, त्यातला कोण निरुपद्रवी भाडेकरू आणि कोण चोर, आणि चोराने साथ पसरवलीच तर त्याच्या जीनोमवरून त्याच्या वाटेचा माग काढायचा, यात माझी तीस वर्षं गेली. घराणं बडोद्यातलं जुनं. पणजोबा संस्थानच्या महसूल खात्यात, आजोबा शाळामास्तर. आमच्या घरात गुजराती शब्द चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर ठेवायचा, अशी शिस्त. आजही शेजारची कुणी ‘भाजी समारते’ म्हणाली की माझ्या तोंडून ‘चिरते’ निघून जातं. सौमित्र, माझा नवरा, म्हणतो की तुला जंतूंची नाही एवढी गुजराती शब्दांची बाधा होते. तो चेष्टेने म्हणतो आणि मला राग येतो, कारण त्यात तथ्य आहे.

गेल्या जानेवारीत शहरातल्या एका खासगी रुग्णालयातून बोलावणं आलं. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. त्यांच्याकडे नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग आहे, दीड-दोन किलोची अपुऱ्या दिवसांची बाळं तिथे काचेच्या पेटीत असतात. दहा दिवसांत पाच बाळांच्या रक्तात एकच जंतू सापडला होता, क्लेब्सिएला. धडधाकट माणसाच्या आतड्यात हा वर्षानुवर्षं निमूट पडून राहतो. ना ताप, ना दुखणं. ज्याच्या पोटात आहे त्याला पत्ताही नसतो. दीड किलोच्या बाळाच्या रक्तात गेला की मात्र तो कुणाचा नसतो, आणि हा तर बहुतेक औषधांना दाद देत नव्हता. पाचातली दोन बाळं गेली.

नमुने घ्यायला माझी विद्यार्थिनी अवनी गेली. ती करजणची, गुजराती, कामाला चोख. तारीख होती पंधरा जानेवारी, म्हणजे वासी उत्तरायण, संक्रांतीनंतरचा पतंगांचा दुसरा दिवस. त्या दिवशी अर्धं बडोदं गच्चीवर असतं आणि उरलेलं गच्चीवर जायच्या तयारीत. खरं तर मी तिच्याबरोबर जायला हवं होतं. पण आमच्याकडे पुण्याचे पाहुणे होते आणि मी गच्चीवर त्यांना उंधियू वाढत होते. अवनीने एकटीने बर्फाची पेटी घेऊन विभागातले नळ पुसले, परिचारिकांचे, कामवाल्या बायकांचे, बाळांच्या आयांचे शौचाचे नमुने घेतले, नळ्यांवर गुजरातीत चिठ्ठ्या लावल्या आणि संध्याकाळी सगळं प्रयोगशाळेत आणून ठेवलं. पाच दिवसांनी ती आठ महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बंगळुरूला गेली. पुढचा तक्ता मी स्वतः केला.

त्या तक्त्यात काय झालं ते नीट सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

विभागात साफसफाई आणि बाळांचे कपडे बदलायला चार कामवाल्या बायका होत्या. गुजरातीत त्यांना आया म्हणतात, आपण मराठीत वॉर्डातल्या बाईला मावशी म्हणतो. नळ्यांवर होतं ‘आया १’, ‘आया २’, ‘आया ३’. चौथी ‘आया’ नव्हतीच. नळ्या उभ्या ठेवायच्या त्याच घोडीत, त्यांच्या शेजारी, एक नळी होती, ‘मासी ४’. मी मनातल्या मनात म्हटलं, ही पोरगी करजणची, एकदा आया लिहिते, एकदा मासी लिहिते, धड एक भाषा नाही यांना. आणि तक्त्यात मराठीत लिहिलं, ‘मावशी ४’. मग इंग्रजी तक्त्यात त्याचं ‘वॉर्ड अटेंडंट, चार’ झालं. वरून तिची चूक सुधारल्याचं समाधानही वाटलं.

बाळांच्या आयांच्या नळ्या दुसऱ्या घोडीत होत्या, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या बाळाच्या. चौथ्या बाळाच्या आईची नव्हती. ती बाळंतपणात अत्यवस्थ होऊन दुसऱ्या रुग्णालयात होती हे मला माहीत होतं, म्हणून मी ती शोधलीच नाही. दोन रिकाम्या जागा होत्या आणि नळी एक होती. ती मी माझ्या भाषेला पटली त्या जागेवर ठेवली.

फेब्रुवारीत निकाल आला. चौथं बाळ, म्हणजे चार नंबरच्या पेटीतलं, सगळ्यांत आधी आजारी पडलं होतं. त्याच्या रक्तातला जंतू आणि ‘मासी ४’च्या पोटातला जंतू यांच्या जीनोममध्ये त्रेपन्न लाख अक्षरांपैकी फक्त दोन अक्षरांचा फरक होता. याचा अर्थ एवढाच की हे दोन जंतू सख्खे आहेत. कुणाकडून कुणाकडे गेला, हे त्यावरून सांगता येत नाही. बाळाकडून बाईकडेही गेलेला असू शकतो, दोघांकडे तिसरीकडूनही आलेला असू शकतो, विभागातल्या नळातही तो सापडला होता. हे मी अहवालात लिहिलं होतं, अकराव्या पानावर. बैठकीत अकरावं पान कुणी उघडलं नाही आणि मीही उघडायला लावलं नाही.

रुग्णालयाच्या अधीक्षकांनी विचारलं, म्हणजे कोण? मी म्हटलं, तुमच्या चौथ्या मावशी. त्यांनी समोरच्या यादीवरून बोट खाली नेलं. चौथं नाव होतं चिमणाबाई बोरसे.

त्यांना लगेच बोलावून घेतलं. पंचावन्नच्या आसपासची बाई, काटक, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. मूळच्या नंदुरबारकडच्या, नवरा लक्ष्मण नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यात होता म्हणून इकडे आलेल्या. टेबलाभोवती सगळे गुजरातीत बोलत होते. माझं आडनाव ऐकल्यावर त्या माझ्याकडे वळल्या, आपलं माणूस दिसल्यावर वळतात तशा. अधीक्षकांनी त्यांना नमुन्याचं सांगितलं. त्या माझ्याशीच बोलल्या.

“मी दिलंच नव्हतं, म्याडम. त्या दिवशी मी नव्हतेच. गावी गेले होते मी.”

अधीक्षकांनी हजेरी मागवली. ठेकेदाराच्या वहीत पंधरा जानेवारीला चौघींच्या नावापुढे हजर लिहिलेलं होतं. ठेकेदार रोज डोळे मिटून चौघींना हजर लावतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण त्या क्षणी ती वही पुरावा झाली. खोटं पकडलं गेल्यासारखे सगळे चिमणाबाईंकडे पाहायला लागले. मीसुद्धा. तीस वर्षांत मी नाही म्हणणारे पुष्कळ पाहिले होते. आपल्या पोटात असलं काही आहे हे कुणालाच कबूल करायचं नसतं.

“मावशी,” मी माझ्या स्वच्छ मराठीत म्हटलं, “माणूस खोटं बोलतो, जंतू बोलत नाही.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग पदर सावरून बाहेर गेल्या. मला तेव्हा आपण फार अचूक बोललो असं वाटलं होतं. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

मी शिफारस केली होती की बाईंना काही महिने दुसऱ्या विभागात काम द्यावं आणि पुन्हा तपासावं. रुग्णालयाने त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ठेक्यावरच्या बाईला काढायला कागदही लागत नाही. मला हे मार्चमध्ये कळलं. मी फोन करून अधीक्षकांना चार शब्द सुनावले, फोन ठेवला, आणि शोधनिबंध लिहायला बसले. म्हणजे माझा राग चार शब्दांपुरताच होता.

अवनी परत आली सप्टेंबरमध्ये. निबंध छापायला निघाला होता, शेवटची तपासणी बाकी होती. मी तिला तक्ते दिले आणि म्हटलं, बघून घे, तुझेच नमुने आहेत. ती खुर्चीवर पाय दुमडून बसली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. मग तिचं बोट थांबलं. तिने विचारलं, ही चौथी अटेंडंट कोण? चौथीचा नमुना तर मिळालाच नव्हता, ती बाई त्या दिवशी रजेवर होती. मी म्हटलं, मिळाला नव्हता कसा, ‘मासी ४’ तूच लिहिलं आहेस. ती माझ्याकडे पाहायला लागली, आणि घाईत तिच्या तोंडून गुजरातीच निघालं.

“मॅम, मासी एटले मासी. मम्मीनी बहेन. आयाने तो अमे आया ज कहीए.”

मासी म्हणजे आईची बहीण, आयाला ते आयाच म्हणतात. चार नंबरच्या बाळाच्या आईची बहीण. दुसरं काही नाही.

अवनीने कपाटातून संमतिपत्रांची फाइल काढली. तिथे सगळं होतं, तिच्या गोल अक्षरात. चौथ्या बाळाची आई दुसऱ्या रुग्णालयात, म्हणून नमुना मासीचा. नाव योगिनी, पत्ता हरणीचा, सही. ‘बाळाला दुधाशिवाय काही दिलं का’ या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ‘दुसऱ्या दिवशी गळथूथी, मासीच्या हातून’. गळथूथी म्हणजे आपल्याकडे मधाचं बोट चाटवतात ना, तसंच. गुळाचं पाणी, कापसाच्या वातीने किंवा बोटाने, बाळाच्या तोंडात. आणि ती कुणीही द्यायची नसते. ज्याचा स्वभाव बाळात उतरावा असं घरच्यांना वाटतं, त्याच्या हातूनच देतात.

एवढं सगळं त्या कपाटात, माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर, आठ महिने पडून होतं. अकराव्या पानासाठी मी लोकांना दोष देते आणि मी स्वतः फाइल उघडली नव्हती. शब्द कळला होता ना मला.

अवनी रडवेली झाली. म्हणाली, मी नीट लिहायला हवं होतं. मी तिच्यावर खेकसले की तू नीटच लिहिलं होतंस, आता गप्प बस.  मी उरलेले नमुने पुन्हा काढून तपासले, घोडीच्या जुन्या छायाचित्रात नळ्या मोजल्या, चिमणाबाईंच्या नमुन्याची नोंद कुठे तरी असेल या आशेने तीन दिवस घालवले. मला त्या दोषी हव्या होत्या. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. ‘आया ४’ कुठेच नव्हती. चिमणाबाईंच्या पोटात काय आहे हे जगात कुणी कधी तपासलंच नव्हतं.

मी अधीक्षकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, साथ थांबली, नळ बदलले, नवी बाई लागली, आता जुनं उकरून काय करायचं. निबंधात तर नाव नाहीच ना कुणाचं? मग एक शब्द बदला ने, मॅडम. अटेंडंटच्या जागी नातेवाईक. त्यांचं म्हणणं तसं बरोबर होतं. एक शब्द बदलला की निबंध खरा होत होता. छापणाऱ्यांना कळवून मी तो त्याच संध्याकाळी बदललाही. निबंध सुधारायला मला दहा मिनिटं लागली.

सौमित्र म्हणाला, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आता निदान संन्याशाला एक पत्र तरी पाठव. जाऊ नकोस, ते लोक चिडलेले असतील. पत्र मी लिहिलं. संस्थेच्या कागदावर, मराठीत, की तपासणीत चूक माझी होती, चिमणाबाई बोरसे यांचा नमुना कधी घेतलाच गेला नव्हता, त्यांच्यावर आलेला ठपका निराधार आहे, आणि रुग्णालयाने त्यांना परत घ्यावं. सही केली, शिक्का मारला. मग वाटलं, हे पत्र टपालाने गेलं तर तेही अकराव्या पानासारखंच होईल. बैठकीत तोंडावर बोलले होते, तर तोंडावरच परत घ्यायला हवं. गाडी काढून निघाले.

नंदेसरीच्या अलीकडे बैठ्या घरांच्या ओळी आहेत, तिथे घर होतं. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. वाऱ्याला कारखान्यांचा आंबूस वास होता. चिमणाबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं. उठल्या नाहीत, पण हाताने बसायची खूण केली. मला वाटलं होतं शिव्या बसतील. मी शिव्यांच्या तयारीने गेले होते. बाईंनी मला पाणी विचारलं.

आतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं. बराच वेळ येत होतं. चिमणाबाईंचं लसणावरचं लक्ष उडालं होतं हे दिसत होतं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. मी विचारलं, नातू का? त्या म्हणाल्या, हो, चार महिन्यांचा. मी म्हटलं, रडतोय, तुम्ही बघून या, मी थांबते. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नव्हतं. रुग्णालयातली गोष्ट आठवड्यात आळीत आली होती. सून राजनंदिनी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. बाळ झाल्यापासून तिने ते सासूच्या हातात दिलं नव्हतं. बाळाचे कपडे, बाटली, दुपटी, काही नाही. चिमणाबाईंची भांडीसुद्धा वेगळी ठेवलेली होती.

“तिचं तरी काय चुकलं?” त्या म्हणाल्या. “एवढ्या शिकलेल्या बाईने सांगितलं, तर तिने माझं का ऐकायचं? एकोणीस वर्षं लोकांची पोरं धुतली-पुसली मी. ह्याला लांबून बघते.”

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. मासी आणि मावशी, दोन रिकाम्या जागा, न उघडलेली फाइल. म्हटलं, तुम्ही खरं बोलत होतात आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी लसणाची परात बाजूला सारली. माझं बोलून झाल्यावर मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

“वाचा ने, म्याडम,” त्या म्हणाल्या. “मोठ्याने वाचा. आत ऐकू जाऊ दे.”

मी वाचलं. शाळेत कविता म्हणतात तसं, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने वाचलं. शेजारच्या ओसरीवरच्या दोन बायका थांबून ऐकायला लागल्या. आतलं रडणं कमी झालं आणि दारात एक मुलगी येऊन उभी राहिली, बाळ खांद्यावर. राजनंदिनी. मी तिच्याकडे बघून शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं, ठपका निराधार आहे. तिचे डोळे भरून आले. चिमणाबाईंचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. फेब्रुवारीपासून जे ओझं मी त्यांच्यावर ठेवलं होतं ते खाली उतरताना मला दिसलं. त्यांनी हाताची लसणाची सालं पदराला पुसली, नीट, बोट न् बोट पुसलं. मला हलकं वाटलं. खरं सांगते, माफ केल्यासारखं वाटलं.

तेव्हा त्यांनी विचारलं, “मग कुणाचं होतं ते, म्याडम?”

नाव सांगायचं नाही, हे मी वाटेतच ठरवलं होतं. संमतिपत्रावर आम्ही तसं वचन देतो. पण काहीच सांगायचं नाही, हेही मला जमेना. या बाईपासून मी सात महिने सत्य दडवलं होतं, निदान तसं मला वाटत होतं, आणि आता एकदा द्यायला बसले तर सगळं द्यावं असं वाटलं. मला अर्धवट सांगता येत नाही. कुणी अर्धवट सांगितलेलं मला चालत नाही. मी म्हटलं, बाहेरून आलेली एक नातेवाईक होती. चार नंबरच्या बाळाची मासी. तिने त्याला गळथूथी दिली होती. आणि लगेच पुढे म्हटलं, पण तिच्याकडूनच बाळाला गेलं असं मी म्हणत नाही, ते उलटंही असू शकतं, जीनोमवरून ते कळत नाही.

चिमणाबाई माझ्याकडे बघत होत्या. ऐकत होत्या की नाही कोण जाणे.

“हरणीची,” त्या म्हणाल्या. “चष्मा आहे तिला.”

मी म्हटलं, नाव मी सांगू शकत नाही.

“नाव मला माहीत आहे. योगिनीबेन.” त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “तिला आत मीच घेतलं होतं.”

मग त्यांनी सांगितलं, जमिनीकडे बघत. विभागात बाहेरच्या माणसाला बंदी. ती बाई दोन दिवस दाराबाहेर उभी होती. बहीण तिकडे दुसऱ्या रुग्णालयात शेवटच्या घटका मोजते की काय अशी, आणि पोर इकडे पेटीत. ती म्हणत होती, आई वाचेल न वाचेल, त्याच्या तोंडाला आपल्या माणसाचं एक बोट तरी लागू दे. दुपारी परिचारिका जेवायला गेली तेव्हा चिमणाबाईंनी तिला आत घेतलं. पडदा स्वतः धरला.

“हात धुवायला लावले मी तिला,” त्या म्हणाल्या. “साबणाने. कोपरापर्यंत. मी उभी होते तिथे. दोन मिनिटं नाही लागली. मग दोघीच्या दोघी रडलो.”

मी बोलायला लागले. हात धुतले होते म्हणजे बराचसा धोका गेला. तो जंतू नळातही सापडला होता, तिथूनही आलेला असू शकतो. मासीच्या पोटात तो रुग्णालयातूनच गेलेला असू शकतो. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हीच वाक्यं मी फेब्रुवारीत बोलले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. आता ती ओसरीवर नुसती पडत होती, कुणी उचलत नव्हतं.

“दोन पोरं गेली,” चिमणाबाई म्हणाल्या. त्यांनी मला थांबवलं नाही, त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. “ती एक आणि पाच नंबर. एकची आई अजून दिसते मला बाजारात.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आळीत काय काय बोलले लोक. सून बोलली, पोरगा बोलला. मला लागलं, पण आत काही हललं नाही, म्याडम. मला माहीत होतं ने, की मी काही केलेलं नाही.”

मी काय देऊन बसले होते ते मला तेव्हा कळलं. नोकरी गेली, नाव गेलं, नातू लांब गेला, तरी या बाईजवळ एक गोष्ट शाबूत होती, आणि ती काढून घ्यायला मी गाडी घेऊन बारा मैल आले होते. वर स्वतःला हलकं वाटून घेतलं होतं.

राजनंदिनीला यातलं फारसं कळलं नसावं. तिने पत्र ऐकलं होतं, तेवढं तिला पुरेसं होतं. ती ओसरीवर आली आणि सासूसमोर गुडघ्यांवर बसली. बाळ खांद्यावरून काढून तिने दोन्ही हातांनी पुढे केलं. ते आता रडत नव्हतं, पाय झाडत होतं.

“घ्या, आई,” ती म्हणाली. “माझं चुकलं.”

चिमणाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या जवळून त्या त्याला पहिल्यांदा पाहत असाव्यात. त्यांचे पुसलेले हात मांडीवरून उचलले गेले आणि तिथेच थांबले. मग त्यांनी ते पदरात गुंडाळून घेतले. राजनंदिनीला वाटलं, सासूचा राग गेला नाही. तिने केविलवाणेपणे माझ्याकडे पाहिलं, तुम्ही तरी सांगा म्हणून.

“त्या दिवशी मी दिलं नव्हतं ने, म्याडम,” चिमणाबाई म्हणाल्या. “आता घ्या. माझं खरोखरचं तपासा.”

मी पत्र तेवढं आणलं होतं, नमुन्याची डबी आणली नव्हती. तसं सांगितलं. उद्या घेऊन येते म्हटलं, आठ दिवसांत कळेल.

चिमणाबाईंनी मान हलवली आणि सुनेला म्हणाल्या, “मग तोवर ह्याला आत ने.”